संशय माणसावर की वागणुकीवर?

जून २०१२. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील ओडेसा या छोट्या गावात बंदुकीच्या एका दुकानातला फोन वाजला. फोनवर एक आई होती. तिची मुलगी स्किझोफ्रेनियाने आजारी होती. महिन्याभरापूर्वी तिने याच दुकानातून पिस्तूल विकत घेतले होते आणि आईवडिलांनी ते कसेबसे तिच्याकडून काढून घेतले होते. आता मुलीला अपंगत्व मदतीचे पैसे मिळणार होते. पैसे हातात आले की ती पुन्हा त्याच दुकानात जाणार, हे आईला कळत होते. तिने मुलीचे नाव सांगितले, जन्मतारीख सांगितली, सोशल सिक्युरिटी क्रमांकही सांगितला आणि विनवणी केली की, हिला बंदूक विकू नका.

दोन दिवसांनी मुलगी दुकानात गेली. फॉर्म भरला, संगणकावर तपासणी झाली, आडकाठी आली नाही. दुकानदाराने पिस्तूल विकले. पुढच्या तासाभरात तिने घरी जाऊन आपल्या वडिलांना गोळी घातली.

दुकानदाराने कायदा मोडला होता का? कागदावर नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार न्यायालयाने किंवा तत्सम अधिकाऱ्याने मनोरुग्ण म्हणून घोषित केलेली किंवा सक्तीने इस्पितळात दाखल केलेली व्यक्ती बंदूक घेऊ शकत नाही. नुसता आजार असणे म्हणजे बंदी नव्हे, आणि ते योग्यही आहे. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कुणाला इजा करत नाहीत. पण इथे प्रश्न आजाराचा नव्हता. या एका व्यक्तीबद्दल, या एका आठवड्याबद्दल, तिला जन्मापासून ओळखणाऱ्या माणसाने ठोस माहिती दिली होती. ती माहिती काउंटरपर्यंत पोहोचली आणि तिथेच विरून गेली.

हे उदाहरण दूरच्या देशातले आहे आणि बंदूक हा आपल्या रोजच्या जगण्यातला विषय नाही. तरी या अंकात त्यावर लिहावेसे वाटले, कारण त्या काउंटरवर उभा असलेला प्रश्न आपल्या फार जवळचा आहे. संशय घ्यायचा तर कशावरून घ्यायचा? नावावरून, दाढीवरून, भाषेवरून? की माणूस काय मागतो, काय बोलतो, कसा वागतो यावरून? ज्या समाजाला पहिल्या प्रकारच्या संशयाची सवय लागली आहे, त्या समाजातल्या तरुणांनी दुसऱ्या प्रकारचा संशय नीट समजून घेतला पाहिजे. नाहीतर ‘संशयच नको’ असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि तेही तितकेच धोक्याचे असते.

आधी तिथली पद्धत थोडक्यात पाहू. अमेरिकेत बंदुकांचा धंदा करायचा तर संघीय परवाना लागतो. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ही चौकट घातली. १९९३च्या ब्रॅडी कायद्याने गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणे आले आणि नोव्हेंबर १९९८पासून एफबीआयची ‘निक्स’ ही तत्काळ तपासणी सुरू झाली. गिऱ्हाईक ‘४४७३’ क्रमांकाचा फॉर्म भरते. तुमच्यावर गंभीर गुन्हा सिद्ध झाला आहे का, तुम्ही अमली पदार्थ घेता का, घरगुती हिंसाचारात शिक्षा झाली आहे का, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात का, असे त्यात प्रश्न असतात. दुकानदार ही माहिती कळवतो. पलीकडून तीनपैकी एक उत्तर येते : विका, थांबा किंवा विकू नका.

इथपर्यंतचे काम यंत्राचे आहे. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे या भागाची ताकद आणि मर्यादा दोन्ही मला ओळखीच्या वाटतात. फॉर्म फक्त एवढेच तपासतो की भरलेले उत्तर नियमात बसते का आणि नोंदवहीत त्याविरुद्ध काही आहे का. नोंदच नसेल तर फॉर्मच्या लेखी तो धोकाही नसतो. समोरच्या माणसाचा हात थरथरतो आहे, त्याच्या मागे उभा असलेला दुसराच कुणीतरी बोटाने बंदूक दाखवतो आहे, हे फॉर्मला दिसत नाही. ते दुकानदाराला दिसते. म्हणूनच कायदा दुकानदाराला नकार देण्याची मोकळीक देतो. तपासणीत हिरवा दिवा लागला तरी विक्री करण्याची सक्ती त्याच्यावर नाही. ही मोकळीक म्हणजेच त्याची जबाबदारी.

या जबाबदारीची सर्वात नेहमीची परीक्षा बेनामी खरेदीत होते. स्वतःला बंदूक मिळणार नाही हे ठाऊक असलेला माणूस स्वच्छ नोंद असलेल्या दुसऱ्याला पुढे करतो. आपल्याकडे जमिनीचे आणि गाड्यांचे असे व्यवहार काही नवीन नाहीत. मिलवॉकी शहरातील एका दुकानात मे २००९मध्ये असेच झाले. १८ वर्षांच्या मुलाने २१ वर्षांच्या ओळखीच्याला ४० डॉलर देऊन आपल्यासाठी पिस्तूल घ्यायला लावले. दोघे एकत्र दुकानात गेले. ‘खरा खरेदीदार तुम्हीच का’ या प्रश्नाला आधी नकारार्थी उत्तर भरले गेले आणि मग ते बदलले, हे पुढे खटल्यात मांडले गेले. महिन्याभरात त्या पिस्तुलाने दोन पोलीस गंभीर जखमी झाले. ऑक्टोबर २०१५मध्ये ज्यूरीने दुकानाला जबाबदार धरले आणि सुमारे ६० लाख डॉलरची भरपाई ठरवली. बंदूक उद्योगाला खटल्यांपासून संरक्षण देणारा २००५चा कायदा असूनही हे घडले, कारण जाणूनबुजून केलेली बेकायदा विक्री आणि बेपर्वाईने धोकादायक हातात वस्तू देणे यांना त्या कायद्यात संरक्षण नाही. ओडेसाच्या आईनेही याच वाटेने न्याय मागितला. २०१६मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा चालवण्याजोगा ठरवला आणि त्याच वर्षी २२ लाख डॉलरवर तडजोड झाली.

सगळे दुकानदार असे असतात असे मात्र नाही. उलट २०००मध्ये अमेरिकी सरकारच्या बंदूकविषयक खात्याने प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिसले की गुन्ह्यानंतर माग काढलेल्या बंदुकांपैकी ५७ टक्के बंदुका जेमतेम १.२ टक्के विक्रेत्यांपर्यंत पोहोचत होत्या. मोठ्या दुकानांची विक्रीही मोठी असते, हे धरून चालले तरी एवढी तफावत निव्वळ विक्रीच्या आकड्यांनी स्पष्ट होत नाही. बाकीचे बहुसंख्य विक्रेते काहीतरी वेगळे करत असले पाहिजेत. २००८मध्ये वॉलमार्टने शहरांच्या महापौरांच्या एका गटाबरोबर दहा कलमी आचारसंहिता स्वीकारली. विक्रीचे चित्रीकरण करायचे आणि गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीच्या खरेदीदाराची वेगळी नोंद ठेवायची, असे नियम त्यात होते. २०००पासून विक्रेत्यांची संघटना आणि सरकारी खाते मिळून बेनामी खरेदी ओळखण्याचे प्रशिक्षणही देत आले आहेत. प्रश्न विचारा, घाई करू नका, शंका असेल तर विकू नका, हा त्याचा सारांश.

आता आपल्याशी थेट संबंधित भागाकडे येऊ.

जुलै २०१५मध्ये टेनेसीतील चॅटनूगा इथे एका मुस्लीम तरुणाने लष्करी केंद्रांवर हल्ला करून पाच सैनिकांचे प्राण घेतले. त्यानंतर काही दिवसांतच फ्लोरिडातील इन्व्हर्नेस गावच्या एका बंदूक दुकानदाराने जाहीर केले की आपले दुकान ‘मुस्लीममुक्त’ आहे. अमेरिकेत मुस्लिमांच्या नागरी हक्कांसाठी काम करणारी केअर ही संस्था न्यायालयात गेली. नोव्हेंबरमध्ये दावा फेटाळला गेला, कारण संस्थेच्या कुणा सदस्याला प्रत्यक्ष नकार मिळून हानी झाली, हे न्यायालयापुढे दाखवता आले नाही. म्हणजे भेदभाव बरोबर आहे असे न्यायालय म्हणाले नाही, पण पाटी राहिली.

त्या दुकानदाराचा राग समजून घेतला तरी त्याचे गणित तपासले पाहिजे. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१७च्या अंदाजानुसार अमेरिकेत मुस्लीम साधारण १.१ टक्के आहेत. २०२१ या एका वर्षात तिथे ४८,८३० माणसे बंदुकीने मेली. नावाची गाळणी लावली तर शंभरातले एक गिऱ्हाईक अडते, तेही जवळजवळ नेहमी निरपराध. उरलेले नव्याण्णव न तपासता पुढे जातात, कारण पाटी लावणाऱ्याला वाटते की आपण धोका दाराबाहेर ठेवला. सॉफ्टवेअरमध्ये अशी गाळणी कुणी दाखवली तर आपण तिला सुरक्षा म्हणणार नाही. ती चुकीच्या माणसाला अडवते, बरोबर माणसाला सोडते आणि वर पहारा चालू असल्याचा भास निर्माण करते.

हा भास किती महाग पडतो, ते त्याच वर्षी दिसले. एप्रिल २०१५मध्ये साउथ कॅरोलिनातील २१ वर्षांच्या एका गोऱ्या तरुणाने पिस्तूल विकत घ्यायचे ठरवले. दोनच महिन्यांपूर्वी अमली पदार्थ बाळगल्याबद्दल त्याला अटक झाली होती आणि त्याने ते कबूलही केले होते. एवढ्यावरून विक्री अडायला हवी होती. एफबीआयच्या कर्मचाऱ्याने नोंद शोधताना चुकीच्या पोलीस ठाण्याकडे विचारणा केली. उत्तर ‘थांबा’ एवढेच राहिले. कायद्यानुसार कामाचे तीन दिवस उलटून उत्तर आले नाही तर दुकानदार विकू शकतो. दुकानदाराने विकले. १७ जूनला त्या तरुणाने चार्ल्स्टनच्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमलेल्या नऊ जणांना ठार मारले. सरकारने पुढे, २०२१मध्ये, पीडितांना ८ कोटी ८० लाख डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले.

इथे ‘विकू शकतो’ या शब्दांकडे लक्ष द्या. ‘विकलेच पाहिजे’ असे कायदा म्हणत नाही. वॉलमार्टसारखे विक्रेते स्पष्ट होकार येईपर्यंत थांबतात. थांबण्याने दुकानदाराचे फार तर एक गिऱ्हाईक जाते.

वर्षभराने, १२ जून २०१६ला, ऑरलँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये ४९ जण मारले गेले. मारेकरी मुस्लीम होता. हे वाक्य लिहिताना आपल्यापैकी अनेकांना अवघडल्यासारखे होते, म्हणूनच ते स्पष्ट लिहिले पाहिजे. त्या घटनेत एक दुकानदार बरोबर वागला होता. हल्ल्यापूर्वी काही आठवडे तो माणूस फ्लोरिडातील एका दुकानात गेला. त्याने सामान्य गिऱ्हाईक मागत नाही अशा दर्जाचे चिलखत मागितले. ते नाही म्हटल्यावर त्याने एकदम मोठ्या प्रमाणात काडतुसे मागितली. कर्मचाऱ्यांना हे खटकले. त्यांनी काहीही विकले नाही आणि दुकानाच्या मालकाच्या म्हणण्यानुसार एफबीआयला कळवले. पण विक्रीच झाली नव्हती, म्हणून हातात नाव नव्हते, नोंद नव्हती. पुढे त्याने दुसऱ्या दुकानातून रायफल आणि पिस्तूल कायदेशीरपणे, तपासणी पार करून घेतले. एका दुकानाचा नकार दुसऱ्या दुकानाला कळण्याची काही व्यवस्थाच नव्हती.

त्या कर्मचाऱ्यांनी त्याच्या परक्या भाषेतील फोनचाही उल्लेख केला होता. हा तपशील मला बराच वेळ टोचत राहिला. उद्या आपल्यातला कुणी तिथे उभा राहून घरच्यांशी मराठीत किंवा दखनीत फोनवर बोलला तर? पण नीट पाहिले तर दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. भाषा हा पुरावा नाही. चिलखत आणि काडतुसांची ती मागणी हा पुरावा आहे, मागणारा कुणीही असो. ‘मुस्लीममुक्त’ पाटी लावणारा दुकानदार हा फरक करायलाच नकार देतो. या दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या मनात भाषेनेही शंका आणली असेल, पण विक्री नाकारण्याला त्या मागणीचा भक्कम आधार होता. भाषा वगळली तरी त्यांचा निर्णय बरोबरच ठरला असता.

याच फरकाची दुसरी बाजू न्यूझीलंडमध्ये दिसते. १५ मार्च २०१९ला ख्राइस्टचर्चच्या अल नूर मशिदीत आणि लिनवुड इस्लामिक केंद्रात ५१ माणसे मारली गेली. मृतांत भारतीयही होते. मारेकऱ्याकडे रीतसर बंदूक परवाना होता. परवान्यासाठी अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या माणसाची साक्ष लागत असे. त्याची बहीण दुसऱ्या देशात होती म्हणून पोलिसांनी तिच्याऐवजी इंटरनेटवर गेम खेळताना मैत्री झालेल्या एका मित्राची साक्ष चालवून घेतली. कायद्यात आणखी एक फट होती. साध्या परवान्यावर अर्धस्वयंचलित रायफल मिळे, आणि तिला लष्करी दर्जाचे बनवणारे मोठे मॅगझिन विनापरवाना मिळे. दुकानदारासमोर आलेला प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे पाहिला तर नियमात होता. सगळे तुकडे एकत्र पाहणारे कुणी नव्हते.

डिसेंबर २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही चौकशी आयोगाच्या अहवालाने परवाना देताना पोलिसांनी आवश्यक दर्जाने काम केले नाही, असा ठपका ठेवला. सुरक्षा यंत्रणांचे लक्ष आणि साधने मुस्लीम अतिरेकावर अवाजवी प्रमाणात केंद्रित होती, हेही आयोगाने नोंदवले. तसे नसते तर हा हल्ला नक्की पकडला गेला असता, असे मात्र आयोगाने म्हटलेले नाही, आणि आपणही तसे म्हणू नये. पण ज्यांच्यावर पाळत होती तेच मारले गेले, ही गोष्ट तिथल्या मुस्लिमांच्या मनातून कशी जाईल? न्यूझीलंडच्या संसदेने महिन्याभरात, ११९ विरुद्ध १ मतांनी, अशा अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली आणि २०२३पासून बंदुकांची नोंदवही सुरू झाली. दुरुस्ती झाली ती परवान्यात, मॅगझिनच्या विक्रीत आणि नोंदीत, म्हणजे जिथे फट होती तिथे. कुणाच्या नावावर बंदी आली नाही.

मग चांगला संशय कसा असतो? त्याचे सर्वात सुंदर उदाहरण मला अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात दिसले. २००९मध्ये एका आठवड्याच्या आत तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांत स्वतःचा जीव दिला. तिघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. दुकानमालक हादरला. हात वर करून ‘माझे कागद बरोबर होते’ असे त्याला म्हणता आले असते. त्याऐवजी तो सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांबरोबर बसला. दुकानदार, बंदुकीच्या हक्काचे कार्यकर्ते आणि आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारे लोक अशी एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एका टेबलावर आली. त्यातून ‘गन शॉप प्रोजेक्ट’ उभा राहिला.

त्यांनी दुकानदारांसाठी एक साधे पत्रक केले. गिऱ्हाइकाला बंदुकीची काहीच माहिती नाही आणि ती करून घेण्याची इच्छाही नाही, कोणती घ्यायची याने त्याला फरक पडत नाही, निगा कशी राखायची हे तो विचारत नाही, बोलता बोलता घटस्फोट किंवा नोकरी गेल्याचा उल्लेख येतो, तो अस्वस्थ आणि उदास दिसतो. असे असेल तर बोला, विचारा, आणि मनात शंका राहिली तर आज विकू नका. या यादीत धर्म नाही, रंग नाही, आडनाव नाही. फक्त वागणूक आहे. पुढे केलेल्या पाहणीत राज्यातील जवळपास निम्म्या दुकानांत हे साहित्य लावलेले दिसले, आणि हा उपक्रम इतर राज्यांतही गेला.

याचे महत्त्व कळण्यासाठी एक आकडा पुरे. २०२१मधील त्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे अर्ध्याहून अधिक. काउंटरवरचे सर्वाधिक धोक्यातले गिऱ्हाईक दुसऱ्याला मारायला निघालेले नसते, ते स्वतःलाच मारायला निघालेले असते. आणि जो माणूस अशा क्षणातून वाचतो, तो बहुतेक वेळा पुढे जगतो. संकटाची ती वेळ टळणे हेच खूप असते. तिथे दुकानदाराचा संशय म्हणजे खरे तर काळजी असते.

ओडेसाच्या आईसारख्यांसाठी अमेरिकेत आता आणखी एक मार्ग आहे. १९९९मध्ये कनेक्टिकटने पहिल्यांदा असा कायदा केला की जवळच्या व्यक्तीमुळे गंभीर धोका दिसत असेल तर न्यायाधीशाच्या आदेशाने तिच्याकडील बंदुका काही काळासाठी काढून घेता येतात. फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेवर २०१८मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर हे कायदे झपाट्याने पसरले आणि आज वीसहून अधिक राज्यांत ते आहेत. अनेक राज्यांत कुटुंबीयही थेट अर्ज करू शकतात. मिसुरीत मात्र तसा कायदा नाही. याची रचना पाहण्याजोगी आहे. आरोप करणाऱ्याला शपथेवर सांगावे लागते. पुरावा द्यावा लागतो. निर्णय तिसरा माणूस घेतो. समोरच्याला बाजू मांडता येते. आदेशाला मुदत असते. या पाच गोष्टी असतील तर संशयाचे रूपांतर न्यायात होऊ शकते. नसतील तर तो फक्त पूर्वग्रह राहतो.

सूरह अल-हुजुरात आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मदरशात किंवा घरी ऐकली असेल. त्यात या दोन्ही गोष्टी जवळजवळ आहेत. बातमी आली तर तहकीक करा, आणि बदगुमानीपासून दूर राहा. आपण दुसरा भाग जगाला ऐकवतो. पहिला भाग स्वतःला ऐकवण्याची वेळ आली आहे.

भारतात बंदूक घेण्याची पद्धत उलटी आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आधी परवाना, मग दुकान. पोलिसांचा अहवाल येतो आणि परवाना अधिकारी निर्णय घेतो. दुकानदाराच्या हाती फारसे उरत नाही. त्यामुळे अमेरिकेसारखा काउंटर आपल्या वाट्याला क्वचितच येतो. पण संशयाचे काउंटर इथेही जागोजाग आहेत. घर भाड्याने घेताना नाव सांगितले की फ्लॅट ‘कालच गेलेला’ असतो. आपल्याला मिळणारे हे नकार न्यू हॅम्पशायरच्या पत्रकातले नाहीत, इन्व्हर्नेसच्या पाटीतले आहेत. त्यांच्याविरुद्ध बोलताना आपले म्हणणे नेमके असले पाहिजे. ‘आमची तपासणीच करू नका’ ही आपली मागणी नाही. तपासा, सगळ्यांना सारखे तपासा, वागणुकीवरून तपासा, नकार दिलात तर कारण सांगा आणि आम्हाला उत्तर द्यायची संधी द्या, ही आपली मागणी आहे. ती नाकारणे समोरच्याला अवघड जाते, कारण ती त्याच्याही सुरक्षिततेची आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. ओडेसाची ती आई फोन करण्यापूर्वी किती वेळ थांबली असेल? स्वतःच्या मुलीविरुद्ध अनोळखी माणसाला सांगणे सोपे नसते. आपल्या मोहल्ल्यांत तर ते आणखी कठीण आहे. भावाची चिडचिड वाढली आहे, चुलतभाऊ रात्र रात्र मोबाइलवर विखारी भाषणे ऐकतो आहे, शेजारच्या घरातून रोज मारहाणीचा आवाज येतो, बहिणीने हल्ली जेवणे-बोलणे सोडले आहे. आपल्याला दिसते. आपण म्हणतो, घरातली गोष्ट घरात राहू दे, बाहेर कळले तर कौमची बदनामी होईल. आधीच बदनाम केलेल्या समाजाला ही भीती वाटणे साहजिक आहे. पण त्या भीतीची किंमत सर्वात आधी त्याच घरातली माणसे मोजतात. ओडेसात मेला तो त्या मुलीचा बाप होता.

तेव्हा वागणूक पाहा आणि वेळेवर बोला. आधी त्या माणसाशीच बोला, मग घरातल्या मोठ्यांशी, मग डॉक्टरांशी, आणि धोका दुसऱ्याच्या जिवाला असेल तर पोलिसांशी. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मोबाइलमध्ये आजच ठेवून द्या. आपल्या जमातीच्या फलकावर, मशिदीच्या नोटीस बोर्डवर, वाचनालयात तो लावता येईल. न्यू हॅम्पशायरच्या दुकानदारांनी लावले ते याहून फार वेगळे नव्हते.

आणि कधी आपण स्वतः काउंटरच्या पलीकडे असू, म्हणजे घरमालक, नोकरीवर घेणारे, औषध दुकानदार किंवा सोसायटीचे सचिव, तेव्हा ओडेसातल्या फोनची आठवण ठेवू. समोरच्याचे आडनाव विसरून तो काय मागतो आहे ते पाहू. आणि कुणी काळजीने काही सांगायला आले तर फोन ठेवून देण्यापूर्वी ते लिहून घेऊ.